आधी घर, मग बाक, शेवटी वर्ग: मुलांसह एकत्र उपासनेची वाट

मुलांनी रविवारी मोठ्यांसोबत उपासनेला बसावं की आपापल्या वर्गात जावं, हा विषय निघाला की चर्चच्या मंडळीत लगेच दोन तट पडतात. एक जण म्हणतो, पवित्र शास्त्रात वयानुसार वर्ग कुठे आहेत, संडे स्कूल बंद करा आणि सगळ्यांना एकत्र बसवा. दुसरा म्हणतो, चार वर्षांच्या लेकराला पाऊण तासाच्या उपदेशातलं काय कळणार, त्याला त्याच्या पातळीवर येऊन शिकवणारं कुणीतरी हवंच. दोघंही मुलांच्या काळजीनंच बोलत असतात, म्हणून वाद चिघळतो.

माझं मत आधीच सांगते. मंडळीची मुख्य उपासना सगळ्यांची एकत्र असावी. वयानुसार वर्ग टिकावेत, पण उपासनेच्या वेळेत नव्हे, आणि आईवडिलांच्या जागी नव्हे. हे मान्य असलेल्या कितीतरी मंडळ्या प्रत्यक्षात मात्र अपयशी ठरतात, कारण त्या सुरुवात उलट्या टोकानं करतात. आधी वर्ग बंद होतात. मुलं अचानक बाकावर येतात. घरी कुणी त्यांच्यासोबत प्रार्थना केलेली नसते, व्यासपीठावरून कुणी त्यांचा विचार केलेला नसतो. काही रविवारांतच तान्ह्या मुलांच्या आया बाहेरच्या पायरीवर बसलेल्या दिसतात आणि सगळं पूर्ववत होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी घर, मग बाक, आणि वर्गाला हात सगळ्यात शेवटी.

शास्त्रात काय दिसतं

वडीलवर्गानं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, पहिलं काम करायचं ते एकत्र बसून वाचनाचं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात 31:12 मध्ये देवाचं नियमशास्त्र ऐकायला पुरुष, स्त्रिया, मुलंबाळं आणि वेशीच्या आतले उपरेसुद्धा जमवायला सांगितलं आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत, इफिसकरांस 6:1 आणि कलस्सैकरांस 3:20 मध्ये मुलांशी थेट बोलतो. पत्र मंडळीत मोठ्यानं वाचलं जायचं, तेव्हा ती मुलं समोर बसलेली असणार हे त्यानं गृहीत धरलं आहे.

पण नहेम्या 8 सावकाश वाचा. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो आणि समोर पुरुष, स्त्रिया आणि 'ऐकून समजेल असे' सगळे आहेत. म्हणजे अगदी तान्हं बाळ तिथे असलंच पाहिजे असा हट्ट तो उतारा धरत नाही. पुढे सातव्या-आठव्या वचनात लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांना अर्थ फोड करून सांगतात. सभा एकच, समजावून सांगणारे मात्र अनेक. एकत्र उपासना आणि समजेल अशा भाषेतलं शिक्षण या दोन्ही गोष्टी त्या एका अध्यायात शेजारी शेजारी आहेत. मला वाटतं, या वादात हाच उतारा सगळ्यात कमी वाचला जातो.

इतिहासाचीही एक गोष्ट मंडळीला सांगावी. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. त्यांना अक्षरओळख नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतं. वाचायला शिकवायचं, बायबल हेच पुस्तक, आणि धडा झाल्यावर मुलांना उपासनेला न्यायचं, असा तो दिवस असे. म्हणजे ही शाळा मुलांना चर्चमध्ये आणण्यासाठी होती. ती उपासनेच्याच वेळेत भरू लागली आणि मुलांना उपासनेपासून दूर ठेवू लागली, हे पुढे घडलं. तरुणांच्या स्वतंत्र संघांचं तसंच. फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, 1881 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे तरुणांची ख्रिश्चन एन्डेव्हर संघटना काढली, ती तरुणांनी मंडळीची सेवा अंगावर घ्यावी म्हणून. हा मूळ हेतू सांगितला की वर्ग चालवणाऱ्यांना आपल्यावर आरोप होतोय असं वाटत नाही. त्यांच्या कामाची मुळं आदरानं उलगडली जातात, आणि हे फार गरजेचं आहे, कारण वर्षानुवर्षं मुलांमध्ये राबलेल्या शिक्षिकांना दुखवून कुठलीही मंडळी मुलांचं भलं करू शकत नाही.

पहिली पायरी: घर

निदान तीन महिने रविवारच्या कार्यक्रमात काहीही बदल करू नका. या काळात सगळं लक्ष कौटुंबिक प्रार्थनेवर द्या.

बहुतेक आईवडिलांना घरी प्रार्थना घ्यायची लाज वाटते, कारण ती कशी घ्यायची हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. 'घरी उपासना करा' असं व्यासपीठावरून वीस वेळा सांगून ही लाज जात नाही. पाळकांनी किंवा वडीलवर्गापैकी एकानं प्रत्येक घरी एकदा जाऊन ती करून दाखवावी. रिचर्ड बॅक्स्टर हे पाळक सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला असंच एकेका कुटुंबाला बोलावून किंवा घरी भेटून शिकवत. ते आणि त्यांचे सहकारी आठवड्यातले दोन दिवस या कामाला देत आणि आठशेहून अधिक कुटुंबांचा परगणा वर्षभरात पुरा करत. आपल्या मंडळ्या त्यामानानं लहान असतात. वर्षभराची भेट-यादी करणं जमण्यासारखं आहे.

घरच्या प्रार्थनेला दहा मिनिटं पुरेत. एक छोटा उतारा, त्यावर एखादा प्रश्न, एक कडवं, आणि प्रार्थना. सुरुवात मार्कापासून करा. सोळा अध्याय, घटना भराभर पुढे सरकतात, मुलं ऐकत राहतात. रोज एक प्रसंग घ्या, अख्खा अध्याय नको. प्रश्न साधा असावा: 'इथे येशूनं काय केलं?' 'लोक का घाबरले?' त्यातून तात्पर्य काढून मुलाच्या आजच्या खोडीवर बोट ठेवू नका. असं दोन-तीनदा झालं की शास्त्रवाचन म्हणजे आता बोलणी खायची वेळ, असं मुलाच्या मनात बसतं.

रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलण्याआधीची वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण सगळे आधीच बसलेले असतात. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी जिथे थांबलो तिथून पुढे. खाडे भरून काढायच्या नादात उतारे लांबतात आणि सवय मोडते.

पाठांतरही याच काळात घ्या. प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार, दहा आज्ञा, आणि येत्या रविवारी गायच्या गीताचं एक कडवं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली ती कुटुंबप्रमुखानं घरच्यांना साध्या रीतीनं शिकवावी म्हणून. वेस्टमिन्स्टरची संक्षिप्त प्रश्नोत्तरावली वापरणाऱ्यांनी तिच्यातले 107 प्रश्न आठवड्याला एक या गतीनं घेतले तर साधारण दोन वर्षांत संपतात. तुमच्या परंपरेची जी असेल ती घ्या. मुद्दा असा की रविवारी मंडळी एका आवाजात काही म्हणते तेव्हा मुलाला ते आधीच येत असलं पाहिजे. सहा वर्षांचं मूल विश्वासांगीकाराला मोठ्यांच्या बरोबरीनं उभं राहतं आणि त्याला शब्द येत असतात, तेव्हा ते पाहुणं राहत नाही.

दुसरी पायरी: बाक

महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा 'कौटुंबिक उपासना' ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. बदलाची सुरुवात म्हणून मी ती सुचवणार नाही. एवढ्या अंतरानं मुलांना बसण्याची सवय लागत नाही. दर खेपेस पहिल्या दिवसासारखाच गोंधळ होतो आणि मोठे म्हणतात, 'बघा, जमत नाही.' त्याऐवजी दर रविवारी थोडं थोडं वाढवा. आधी सगळी मुलं गीतं, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि अर्पणापर्यंत आत राहतील आणि उपदेशाआधी वर्गात जातील. हे अंगवळणी पडलं की दहा वर्षांवरची मुलं उपदेशालाही थांबतील. काही महिन्यांनी सात वर्षांवरची. मग पाचवरची. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी सांभाळायची खोली कायम ठेवा, पण ती ऐच्छिक असू द्या. कुणा आईला बाळ मांडीवर घेऊन बसायचं असेल तर तिच्याकडे कुणी रोखून पाहता कामा नये.

आता बाकावर प्रत्यक्ष काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण इथेच आईवडील एकटे पडतात.

तयारी शनिवारी संध्याकाळी. उद्याचा उतारा घरी एकदा वाचा. कपडे, अर्पणाचे पैसे, बायबल काढून ठेवा. मुलं वेळेवर झोपू द्या. रविवारी सकाळी धावपळ आणि आरडाओरडा झाला की मूल आत शिरतं तेच रडवेलं होऊन.

बसायची जागा पुढची निवडा. चुळबुळ करणाऱ्या मुलाला घेऊन मागे बसावं असं सगळ्यांना वाटतं, पण मागच्या बाकावरून मुलाला दिसतात फक्त मोठ्यांच्या पाठी. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत त्याला बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, प्रभूची मेज दिसते, बाप्तिस्म्याचं पाणी दिसतं. उठून जायची वेळ येईल म्हणून रांगेच्या कडेला बसा. उपासनेआधी मुलाला लघवीला नेऊन आणा.

गीत गाताना पुस्तक मुलाच्या उंचीवर धरा आणि शब्दांखालून बोट फिरवा. वाचता न येणाऱ्यालाही ओळ कुठे चालली आहे ते कळतं, आणि ध्रुपद तर दुसऱ्या खेपेला तोंडी येतं. प्रार्थनेच्या वेळी चिमुकल्याला कुशीत घ्या आणि त्याच्या कानात एखादं वाक्य कुजबुजा: 'आता आजारी असलेल्यांसाठी मागतायत.'

उपदेशाला लहान मुलाच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल द्या. रंगीत खेळण्याची किंवा मोबाइलची गरज नाही. मोबाइल दिला की मूल शरीरानं आत आणि मनानं बाहेर असतं, आणि तो परत घेणं महाकठीण. उताऱ्यातले तीन शब्द कागदाच्या कडेला लिहा, समजा 'मेंढरू', 'वाट' आणि 'आनंद', आणि ते ऐकू आले की रेघ मारायची. थोडं मोठं झाल्यावर त्यानं ऐकलेलं चित्रात काढावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलानं मुद्दे उतरवून घ्यावेत. घरी परतल्यावर 'काय शिकलास?' असं परीक्षेसारखं विचारू नका. 'तुझ्या कागदावर मेंढरू किती वेळा आलं?' असं विचारा, गप्पा आपोआप वाढतात.

मूल झोपलं तर झोपू द्या. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण झोप लागून खिडकीतून खाली पडला, आणि हा प्रसंग लिहिणारा लूक त्याला एका शब्दानंही बोल लावत नाही.

मूल मोठ्यानं रडू लागलं तर शांतपणे बाहेर न्या, गप्प करा आणि परत आत आणा. हे 'परत आत आणणं' फार मोलाचं. बाहेर खेळायला मिळतं असं कळलं की रडणं हा बाहेर जायचा मार्ग होतो. बारीक कुजबुज, पेन्सिल पडण्याचा आवाज, एखादा चुकीच्या वेळचा 'आमेन' मात्र मंडळीनं सोसायचा. हे पाळकांनी एकदा स्पष्ट बोलून दाखवावं: मुलांचा आवाज आम्हाला चालतो. पाळकांच्या तोंडून ते ऐकल्यावर आयांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. आणि एखाद्या रविवारी आई दमून निघाली असेल तर मागच्या रांगेतल्या कुणीतरी तिच्या हातातलं बाळ घ्यावं. तिला सल्ला देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

व्यासपीठावरची जबाबदारी

मुलं आत आली म्हणून उपदेश पोरकट करायचा नाही. पण समोर आठ वर्षांचं मूल बसलं आहे हे डोळ्यांपुढे ठेवून तयारी केली की उपदेश मोठ्यांनाही सोपा जातो. 'नीतिमान ठरवणं', 'प्रायश्चित्त', 'पवित्रीकरण' असे शब्द टाळू नका, पण आले की लगेच एका वाक्यात उलगडा. प्रत्येक मुद्द्याला डोळ्यांसमोर उभं राहील असं एक उदाहरण द्या. उपदेशात एकदा तरी मुलांना थेट संबोधा: 'मुलांनो, हे तुमच्यासाठी.' पौलानं तेच केलं. तीस मिनिटांत सांगता येतं ते पन्नास मिनिटं ताणू नये, आणि हे मुलं नसतानाही खरं आहे.

मुलांना पुढे बोलावून पाच मिनिटांचा वेगळा 'बालसंदेश' देण्याबद्दल मी साशंक आहे. मूल निरागसपणे काहीतरी उत्तर देतं, मोठे हसतात, आणि त्याला कळतं की आपण इथे करमणुकीसाठी आहोत. बालसंदेश ठेवायचाच असेल तर प्रश्न विचारू नका, आणि तो त्या दिवशीच्या उताऱ्याचीच ओळख असू द्या, म्हणजे पुढचा उपदेश ऐकायला मूल तयार होतं.

प्रभुभोजनात मुलांनी भाग कधी घ्यावा हे प्रत्येक परंपरेत वेगळं आहे. तो वाद इथे नको. पण न घेणाऱ्या मुलालाही ते दिसलं पाहिजे. निर्गम 12:26 मध्ये मुलं वल्हांडणाचा, म्हणजे मिसरमधल्या सुटकेच्या सणाचा, अर्थ विचारतील असं गृहीतच धरलं आहे, आणि मुलं डोळ्यांनी पाहतात तेव्हाच विचारतात.

ज्यांचं कुटुंब बाकावर नाही

एकत्र उपासनेचा आग्रह धरणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त दुखावली जातात ती ही माणसं. एकटीनं मुलं वाढवणारी आई. ज्याच्या घरचं दुसरं कुणीच विश्वास ठेवत नाही असा मुलगा. मूल नसलेलं जोडपं. अविवाहित बहीण, एकटे आजोबा. 'कुटुंब, कुटुंब' असं दर रविवारी ऐकताना त्यांना आपण या मंडळीत बसत नाही असं वाटू लागतं. येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे होते तेव्हा त्यानं शिष्यांकडे हात करून हीच माझी आई, हेच माझे भाऊ असं म्हटलं, मत्तय 12 मध्ये. मंडळीचं कुटुंब रक्ताच्या नात्यापेक्षा मोठं आहे.

तीमथ्याचं घर पाहा. वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक. विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, आणि पौल त्याला आपलं लेकरू म्हणतो. म्हणून वडीलवर्गानं एक यादी करावी: एकटं येणारं प्रत्येक मूल कुणाच्या बाकावर बसतं? नाव कोरं राहिलं तर ते भरायची जबाबदारी मंडळीची. ज्येष्ठांना यात घ्या. पौलाच्या तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तरुण स्त्रियांना शिकवायचं काम वयस्क स्त्रियांकडेच दिलं आहे. वर्षभर एकाच काकूंच्या शेजारी बसणारं मूल त्या काकूंकडून उभं राहायला, गायला आणि प्रार्थना करायला शिकतं.

गोंगाट सहन न होणाऱ्या किंवा एका जागी बसता न येणाऱ्या विशेष मुलांसाठी एक शांत खोली ठेवा, जिथे उपासनेचा आवाज कमी करून ऐकता येईल. त्यांच्या आईवडिलांना विचारूनच ठरवा, त्यांना काय लागतं ते तेच जाणतात.

शेवटची पायरी: वर्ग

इथपर्यंत यायला वर्ष लागलं तरी हरकत नाही. आता वर्ग उपासनेआधी किंवा नंतर घ्या, किंवा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. याचा एक मोठा फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही. उपासनेच्या वेळेत वर्ग असला की शिकवणारे वर्षानुवर्षं उपदेशाला मुकतात. मंडळीतले सगळ्यात निष्ठावंत लोक उपाशी राहतात. वेळ बदलली की तेही बाकावर येतात.

वर्गाचं कामही बदलतं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची एक अखंड कथा क्रमानं सांगणं, पाठांतर पक्कं करणं, आणि घरी विचारायला संकोच वाटेल ते प्रश्न विचारू देणं, ही तीन कामं वर्ग घरापेक्षा चांगली करतो. साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून मुलं अमूर्त विचार करू लागतात, 'देव चांगला आहे तर दुःख का?' असे प्रश्न तेव्हा टोकदार होतात. त्यांना समवयस्कांसोबत मोकळी जागा हवीच. लहानांच्या वर्गातून दर आठवड्याला घरी एक चिठ्ठी जावी: उतारा कोणता, पाठ काय, घरी विचारायचा एक प्रश्न. आणि तिमाहीतून एकदा आईवडिलांनी वर्गात येऊन बसावं.

सुरक्षिततेत सूट नाही. कुठल्याही वर्गात किमान दोन प्रौढ, शक्यतो वेगवेगळ्या कुटुंबांतले. दाराला काच किंवा दार उघडं. कोणताही प्रौढ मुलासोबत बंद खोलीत एकटा नाही, पाळकसुद्धा नाही. नवीन माणसाला मंडळीत पुरेसा काळ ओळखल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय मुलांचं काम देऊ नये. तक्रार कुणाकडे करायची हे मुलांनाही माहीत असावं, आणि गंभीर तक्रार मंडळीत दाबून न ठेवता कायद्यानं नेमलेल्या यंत्रणेकडे जावी.

तरुण संघाची बैठक जरूर चालू राहावी, पण रविवारी तरुणांना काम द्या. शास्त्रवाचन, ध्वनियंत्रणा, दारात स्वागत, वाद्य. शास्त्रवाचन करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं आठवडाभर तो उतारा घरी मोठ्यानं वाचून बसवलेला असतो, आणि तिचा धाकटा भाऊ ताईला पाहायला सरसावून बसतो. संघाच्या बैठकीत दोन-तीन वयस्क माणसं कायम असू द्या. तरुण मंडळीतून निघून जातात तेव्हा पुष्कळदा असं दिसतं की त्यांची ओळख फक्त आपल्या वयाच्यांशी होती. ते मित्र शिकायला किंवा नोकरीला पांगले की मंडळीत त्यांचं म्हणावं असं कुणी उरत नाही.

वर्षाअखेरीस वडीलवर्गानं हजेरीपट मोजण्याऐवजी घरोघरी जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. या आठवड्यात घरी प्रार्थना किती वेळा झाली? मुलांना कोणती गीतं तोंडपाठ आहेत? मंडळीतल्या, नात्याबाहेरच्या कोणत्या मोठ्या माणसाचं नाव मूल सांगू शकतं? आणि आईला उपदेश ऐकता येतो का? शेवटच्या प्रश्नाला ज्या घरात 'नाही' असं उत्तर येईल, त्या घराशेजारी पुढच्या रविवारी कोण बसणार हे त्याच भेटीत ठरवून उठा.